जळक्या वासाचा निकाल

अहो, वास गेला.

आपल्या गाडीतला तो जळक्या रबराचा वास. ज्याच्यावरून आपण नल्लकुंट्याच्या घरातून निघाल्यापासून तारनाक्याला पोचेपर्यंत भांडायचो, परत येतानाही भांडायचो आणि घरी आल्यावर चहा पिताना उरलंसुरलं भांडायचो, तो वास. काल मलकपेठच्या गॅरेजमध्ये खाजाभाईंनी गाडी जॅकवर चढवली आणि थोड्या वेळात सगळ्याचा निकाल लागला. निकाल माझ्या बाजूने लागलाय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्ये तोंड घालणार नाही. तशी आता ती भीती राहिलेली नाही, पण सवय जात नाही. मी अजूनही बोलता बोलता तुमच्या उत्तरासाठी थांबते.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. गोडजेवण झालं, उदगीरची मंडळी आपापल्या घरी गेली, सतरंज्या धुऊन माळ्यावर ठेवल्या. घरात आता मी आणि मंजिरी. आपली लेक कोंडापूरच्या फ्लॅटला कुलूप लावून इथे येऊन राहिलीय. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करते आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे बघते, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी. मी उतू जात नाहीये अशी खात्री झाली की परत कामाला लागते.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी लिहीन. पण तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं तर वाट भांडणातूनच जाते, त्याला माझा इलाज नाही.

काचबिंदूमुळे डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा तुम्ही आधी डॉक्टरांवर रागावलात, मग चष्म्यावर, मग माझ्यावर. मी काहीच केलं नव्हतं, पण समोर मीच होते. गाडी कितीतरी दिवस धूळ खात उभी राहिली. मग एका सकाळी तुम्ही किल्ली माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "तू शीक." मला हसूच फुटलं. साठीला टेकलेली बाई, जन्मात कधी सायकलवर बसलेली नाही.

"अहो, लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. बाजूला सरकतात," तुम्ही म्हणालात.

विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर तुम्ही मला शिकवलंत. सकाळी फिरायला येणारे लोक खरोखरच बाजूला सरकायचे, काही जण तर पार फुटपाथच्या पलीकडे जायचे. तुम्ही ओरडायचात, कपाळाला हात लावायचात, "आज हे शेवटचं, उद्यापासून मी येत नाही" म्हणायचात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी चपला घालून फाटकाशी उभे असायचात. पहिल्यांदा मी एकटी बरकतपुऱ्याला जाऊन भाजी घेऊन आले, तेव्हा तुम्ही "किती वेळ?" एवढंच विचारलंत. पण संध्याकाळी उदगीरला माझ्या भावाला फोन लावून, "तुमच्या बहिणीनं आज गाडी एकटीनं नेली, मी सोबत नव्हतो हं," असं सांगताना मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. ऐकलं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

गाडी माझी झाली, हँडब्रेक मात्र तुमचाच राहिला. मी गाडी थांबवायची आणि तुम्ही शेजारच्या सीटवरून हात घालून तो दांडा असा ओढायचात, की जणू खाली दरी आहे. कधी कधी दोन्ही हातांनी. गाडी सपाट जागेवर असो, नाहीतर आपल्या गल्लीच्या चढावर, तुम्हाला फरक पडायचा नाही. मंजिरीच्या मैत्रिणीचं बाळ एकदा बाबागाडीतून घरी आलं, तर तुम्ही चाकाखाली वीट ठेवलीत. सिलेंडरवाल्याच्या ढकलगाडीला तुम्ही लाकडाचा ठोकळा दिला होतात, तो अजून फाटकाशी पडलाय. सगळं आयुष्य रेल्वेच्या यार्डात मास्तर म्हणून काढलेला माणूस, उभं चाक दिसलं की तुमचा जीव टांगणीला लागायचा.

त्याचं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही विषय बदलता बदलता. नोकरी नवी होती, लहानसं स्टेशन होतं, दुपारची वेळ होती. बाजूच्या रुळावर एक मालडबा उभा केलेला होता. वारा सुटला आणि डबा आपला आपण चालू लागला. आवाज नाही, काही नाही. पुढे फाटकात बैलगाडी होती. तुम्ही धावत जाऊन डब्यावर चढलात आणि ब्रेकचं चाक फिरवत राहिलात, आणि डबा बैलांच्या अलीकडे थांबला. कुणाला काही झालं नाही. "कुणाला कळलंसुद्धा नाही," तुम्ही म्हणालात, आणि मग मला विचारलंत, आज वरण आंबट का झालंय म्हणून.

तर तो वास. सुरुवातीला अधूनमधून यायचा, मग रोजच यायला लागला. गाडी थोडी लांब नेली की मागून कुठून तरी करपल्यासारखं यायचं. तुम्ही लगेच खिडकीची काच खाली करायचात आणि बाहेर बघत, जसं काही मला सांगतच नाही अशा आवाजात म्हणायचात, "जळाला. क्लच जळाला." मी म्हणायचे, माझा पाय क्लचवर नाहीये. तुम्ही म्हणायचात, "पाय तिथंच असतो, तुला कळत नाही." मी म्हणायचे, माझा पाय आहे, मला कळणार नाही तर कुणाला कळणार? तुम्ही म्हणायचात, "क्लचप्लेटला."

पुढे ही गोष्ट घरात पक्की झाली. मंजिरीला फोनवर, "तुझी आई क्लचचं श्राद्ध घालतेय." पाहुण्यांना, "बसा जपून, आमच्याकडे गाडीसोबत धूपही मिळतो." सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि घरी आल्यावर तुम्हाला मिरच्या जास्त घातलेली भाजी वाढायचे. पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाही वाटायला लागलं की असेल बाई आपलाच पाय. इतकी माणसं म्हणतात, आणि म्हणणारा माणूस चाकांमध्ये जन्म घालवलेला.

आता त्या सकाळचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही अर्धी दाढी करून पलंगावर येऊन बसलात, अंगाला दरदरून घाम. मी कुणाला फोन लावत बसले नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी तुम्हाला मागच्या सीटवर बसवलं आणि मी गाडी काढली. विद्यानगरपर्यंत ठीक आलो. अडिकमेटच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती, चढ होता, आणि गाडी ओढेचना. ॲक्सिलरेटर दाबला तरी कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी अडत होती. आणि मग तो वास आला. मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक, पण नेहमीचाच. "क्लचवरून पाय काढ."

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. हॉस्पिटलच्या दारातून तुम्हाला आत नेलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही वेळेत आणलंत, पण झटकाच मोठा होता." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे असं सगळ्यांनाच सांगत असतील.

उदगीरहून आलेली प्रत्येक बाई मला जवळ घेऊन तेच विचारत होती. शेवटी काय बोलले? तोंडात देवाचं नाव आलं का? तुझं नाव घेतलं का? मंजिरीनेही विचारलं, सगळ्यांच्या नंतर, अंधार पडायच्या आधी गच्चीवर कपडे काढताना. "आई, बाबा काही बोलले गं गाडीत?" मी म्हटलं, नाही, शांत होते. काय सांगणार होते? नवरा जाताना म्हणाला की पाय काढ, आणि पाय काढलेला होता की नव्हता हे मला ठाऊक नाही? गाडी अडत होती ती माझ्या पायामुळे असेल तर? मी रोज अंथरुणावर पडल्या पडल्या डावा पाय आठवून बघत होते. तो नेमका कुठे होता हे मला आठवत नव्हतं.

मंजिरीने गाडी विकायचं ठरवलं, यात तिची चूक नाही. तिने आयुष्यभर तुमचंच ऐकलं. "आई, लाइट घे. कॅब असते ना आता. आणि तू इथं एकटी कायकू राहतीस? कोंडापूरला चल. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे." मी म्हटलं, मला लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं. ती म्हणाली, "आणि मला तू गाडी घेऊन निघालीस की कोंडल्यासारखं होतं, त्याचं काय?" तिने खाजाभाईंना फोन करून गिऱ्हाईक बघायला सांगितलंसुद्धा. मी विरोध केला नाही. तो पाय माझाच असेल, तर गाडी माझ्याकडे नकोच, असं मलाही वाटत होतं.

पण विकायच्या आधी एकदा चालवून बघावी म्हणून परवा सकाळी मी एकटीच निघाले. चप्पल काढून ठेवली. डावा पाय क्लचवरून उचलला की थेट सीटखाली ओढून घ्यायचा, असं ठरवलं आणि तसंच केलं. गिअर बदलला की पाय मागे. लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू दे म्हटलं. पाय कुठे आहे हे मला प्रत्येक क्षणी माहीत होतं. आणि तरी, मैदानाला वळसा घालून येईपर्यंत, तो वास आला.

अहो, मी आनंदाने ओरडलेच. शेजारच्या ऑटोवाल्याने वळून बघितलं.

घरी येऊन मी आधी वाकून गाडीखाली बघितलं. सायलेन्सरला एक दुधाची पिशवी चिकटून काळी पडली होती. पाच मिनिटं वाटलं की सगळं रामायण या पिशवीचंच. ती खरवडून काढली, परत एक फेरी मारली, वास होताच. बॉनेट उघडून इंजिनचा पट्टा बघितला, तो चांगला होता, कुरकुरतही नव्हता. आणि तसाही वास पुढून नाही, मागून येत होता. मग माझ्या लक्षात आलं, की आपल्या गल्लीच्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक पार खाली आहे, मी पायाने काहीही दाबलेलं नाही, आणि गाडी मागे घरंगळत नाहीये. जागची हलत नाहीये. तुमच्यासारख्या माणसाबरोबर संसार केला म्हणून मला त्याचा अर्थ कळला. घरंगळायला हवी ती गाडी घरंगळत नसेल, तर तिला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

मी गिअर टाकला, उतरले आणि चारही चाकांपाशी गेले. तुम्ही शिकवलं होतंत तसं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या क्वार्टरमध्ये असताना तुम्ही मला एकदा मालगाडी दाखवायला नेलं होतंत. इतर नवरे सिनेमाला नेत होते. चाकाच्या आसापाशी हात नेऊन तुम्ही म्हणालात, "हाताची मागची बाजू लाव. पुढची भाजली तर पोळ्या कशा करशील?" मी हाताची मागची बाजू पुढच्या चाकांपाशी नेली, साधीच कोमट होती. मागच्या चाकांपाशी नेली आणि तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला. दोन्ही मागची चाकं तापलेली. आणि वास तिथेच, नाकात जाईल असा.

मी तिथेच रस्त्यावर बसले. समोरच्या वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती. माझा पाय नव्हता, एवढंच मला कळलं होतं.

काल मंजिरीला घेऊन मलकपेठला गेले. ती म्हणाली, "ठीक आहे, विकायच्या आधी नीट करून घेऊ." खाजाभाईंनी मागची बाजू उचलली आणि चाक हाताने फिरवायला गेले. ते फिरेना. मग त्यांनी खाली वाकून हँडब्रेकची केबल बघितली आणि पाना खाली ठेवला. मी विचारलं, काय झालं? ते मान खाजवत म्हणाले, "अम्मा, ये तो मैं-इच टाइट करा."

"कायकू?"

"मास्टर साब बोले बोलके. हर बार आते, बोलते, खाजा, केबल थोडा और खींच. मैं बोला, साब, और खींचे तो लायनर रगडते, गरम होते. साब बोले, होन दे."

मला आठवलं. गाडी इथे आणली की मी समोर बाजारात जायचे आणि तुम्ही म्हणायचात, "तू जा, मी बघतो यांचं." मी कोथिंबीर निवडत असायचे आणि तुम्ही इथे उभं राहून माझ्यावर खटला भरायची सोय करत असायचात! मी खाजाभाईंना विचारलं, आणि वासाचं काही बोलले नाहीत? "नै अम्मा. बास का एक लफ्ज नै." बरोबर आहे. ज्याचा आरोपी ठरलेला आहे, ते मेकॅनिकला कशाला विचारायचं?

माझा पारा चढला होता, हे कबूल. मी मंजिरीसमोर, खाजाभाईंसमोर तुम्हाला हवं ते बोलले. हट्टी म्हटलं, यार्डातून बाहेर न आलेला माणूस म्हटलं. खाजाभाईंनी ऐकून घेतलं. मग हात पुसत म्हणाले, "अम्मा, एक बात बोलूं? साब को मैं पूछा था. इत्ता टाइट कायकू? तो बोले, अम्मा का हात टूटा था ना, ताकत नै है. मैं बाजू में बैठा तो मैं खींचतौं. मैं नै रहा तो? एक खटके में पकडना बोले. अम्मा जरासा खींचे तो भी गाडी लुढकना नै होना."

माझं मनगट. न्हाणीघरात घसरून मोडलं होतं ते. जुळलं, पण बरणीचं झाकण अजून मला उघडत नाही. तुम्ही ते उघडून द्यायचात आणि त्यावरही टोमणा मारायचात. मनगटाचं आणि हँडब्रेकचं तुम्ही एका शब्दाने बोलला नव्हतात. बोलला असतात तर मी म्हटलं असतं, मला जमतंय, आणि आपण त्यावरही भांडलो असतो. म्हणून तुम्ही परस्पर करून टाकलंत.

मला रडू आलं. इतके दिवस लोकांसमोर रडले ते वेगळं होतं, तेव्हा रडायचं असतं म्हणून अर्धं आलं होतं. हे सगळं माझं होतं.

मंजिरीने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि मग मी तिला सांगितलं. पुलावरचं, गाडी अडत होती ते, आणि तुम्ही काय म्हणालात ते. "म्हणजे बाबांचे लास्ट वर्ड्स, 'क्लचवरून पाय काढ'?" मी म्हटलं, हो. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं आता ही कोसळते. आणि ती हसायला लागली. अहो, ती अशी हसली की तिला श्वास घेता येईना. "मावशी विचारत होती, रामनाम घेतलं का म्हणून!" एवढंच ती कशीबशी म्हणाली, आणि मलाही ते आवरेना. आम्ही दोघी त्या ऑइलने काळ्या झालेल्या बाकावर एकमेकींना धरून हसत होतो आणि डोळे गळत होते. खाजाभाई बिचारे स्पॅनर हातात घेऊन बाजूला उभे होते. त्यांना वाटलं असेल, मास्टर साब गेल्यावर घरचे सगळेच सटकले.

शेवटी त्यांनी मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले. आतली रबराची टोपणं करपून कडक झाली होती, लायनर काचेसारखे गुळगुळीत. सगळं बदललं, केबल सैल केली. चाक हाताने फिरवलं तर कितीतरी वेळ आपलं आपण फिरत राहिलं. मग मी म्हटलं, भाई, आता क्लच बघा. ते म्हणाले, "क्लच को क्या हुआ?" मी म्हटलं, तुम्ही बघा, आणि या मुलीसमोर मोठ्याने सांगा. त्यांनी गाडी खाली घेतली, वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून, क्लच सोडून, काय काय करून बघितलं आणि बाहेर मान काढून म्हणाले, "एकदम नये जैसा है अम्मा. कोन चलाते ये गाडी?"

हे तुम्ही ऐकायला हवं होतंत. तुम्ही "खाजाला काय कळतंय" म्हणाला असतात, तरी चाललं असतं.

एक प्रश्न मात्र राहिलाच. नुसत्या वासावरून कुठल्या डब्याचा ब्रेक चिकटलाय ते सांगणारे तुम्ही, तुम्हाला ब्रेकचा वास आणि क्लचचा वास वेगळा ओळखू आला नाही? मी काल रात्रीच्या जेवणापर्यंत यावर विचार केला. तुम्ही मुद्दाम माझ्यावर ढकललंत असं काही मला वाटत नाही. मला वाटतं, आवळलेल्या ब्रेकमुळे कुणाचं वाईट होऊ शकतं हे तुमच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ज्या माणसाने ब्रेक फिरवून बैलगाडी वाचवली, त्याला आयुष्यभर ब्रेक सोडून बाकी सगळ्यांचा संशय येणार. मी हा मुद्दा इथेच सोडून देते. तुम्ही असतात तर सोडला नसतात.

आणि त्या सकाळचंही सांगते. गाडी अडत होती ती तुम्ही आवळायला लावलेल्या ब्रेकमुळे, म्हणून आता तुम्हाला दोष द्यायचा का? नाही. आपण पोचलो होतो. रांगेतल्या बाकीच्या गाड्या पोचल्या तेव्हाच आपण पोचलो. डॉक्टर म्हणाले ते खरंच असेल, हे मला काल पहिल्यांदा पटलं. इतके दिवस छातीवर जो दगड होता, तो उतरला. मला भूक लागली, अहो. मी काल मलकपेठला बाकावर बसून एकटीने दोन समोसे खाल्ले.

आता हँडब्रेक धरायला पाच-सहा खटके ओढावे लागतात. मी दोन्ही हातांनी ओढते. खाजाभाईंनी सांगितलंय, उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे मनगट दुखलं तरी काळजी नाही. निघताना त्यांनी मंजिरीला विचारलं, "मॅडम, वो गिऱ्हाईक को कल बुलाऊं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नक्को भाई. अम्मा चलाते." मी फक्त आरसा नीट केला.

चादरघाटचा पूल ओलांडला, काचीगुडा मागे टाकलं. मंजिरी शेजारी, तुमच्या जागेवर बसली होती. सुरुवातीला ती माझ्या पायाकडे बघत होती, मग रस्त्याकडे, मग नाकाने एकदा खोल श्वास घेऊन बघितला. सिग्नलला मी वळून बघितलं तर तिची मान काचेला टेकली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर पालथे. तुम्ही गेल्यापासून ही मुलगी धड झोपलेली नाही, शेजारच्या खोलीतून मला तिची कूस बदललेली ऐकू येते. ती माझ्या गाडीत गाढ झोपली होती.

आपल्या गल्लीचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला, आणि मग बंद केला. वळले असते तर गल्लीतल्या खड्ड्यात ती जागी झाली असती. मी सरळ गेले. मऊ हाताने, एकसारख्या वेगाने, कुठे जायचं हे न ठरवता, नुसती चालवत राहिले. तुम्ही इतकी वर्षं त्याच जागेवर बसलात, पण कधी एकदाही डोळे मिटले नाहीत. समोरच्या प्रत्येक गाडीला तुम्ही जागेवरूनच ब्रेक लावत होतात.

तुम्हीही एकदा असं झोपायला हवं होतंत. मी नेलं असतं नीट.